श्राविकेची कमाई, श्राविकेचा अधिकार

तिसरे अणुव्रत अचौर्याचे. जे स्वेच्छेने दिले गेले नाही ते घेणे म्हणजे अदत्तादान, आणि त्याचा त्याग हा या व्रताचा गाभा. मापात, वहीखात्यात आणि भागीदाराच्या पैशात हे व्रत कटाक्षाने पाळणाऱ्या घरातही एक प्रश्न क्वचितच विचारला जातो: नोकरी करणाऱ्या सुनेच्या पगाराला हे व्रत लागू होते की नाही?

ठाण्याच्या कोलशेत परिसरात एकेकाळी कारखाने होते. आज तेथे उंच गृहसंकुले उभी आहेत. अशा ठिकाणी घराचा हप्ता फेडण्यासाठी अनेकदा दोघांची कमाई लागते. संसारासाठी पत्नीने आनंदाने वाटा उचलणे हे सहजीवनच होय. परंतु पगार जमा होताच तो परस्पर वळवणे, एटीएम कार्ड काढून घेणे, लॉकरची किल्ली न देणे, हातखर्चासाठीही तिला याचना करायला लावणे, हे सहजीवन नव्हे.

कायद्याची भूमिका स्पष्ट आहे. 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू होतो. त्याच्या कलम 14 नुसार स्वतःच्या कौशल्याने वा श्रमाने मिळवलेल्या, तसेच विवाहापूर्वी, विवाहात वा नंतर भेट मिळालेल्या संपत्तीची स्त्री पूर्ण मालक असते. स्त्रीधन सांभाळायला दिले म्हणून पती त्याचा मालक होत नाही. ते बळकावल्यास फौजदारी विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच सांगितले आहे.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या 2005 च्या कायद्याने आर्थिक अत्याचारालाही हिंसाचार मानले. पीडित स्त्री राहते किंवा नोकरी करते त्या ठिकाणच्या दंडाधिकाऱ्यांकडे तिला अर्ज करता येतो. त्यासाठी घटस्फोट मागण्याची किंवा घर सोडण्याची अट नाही. खाते व लॉकर पतीने परस्पर वापरू नये, स्त्रीधन परत करावे, निर्वाहखर्च व नुकसानभरपाई द्यावी, असे आदेश मिळू शकतात. संरक्षण आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

‘ती कमावते, मग पोटगी कशाला?’ हा युक्तिवादही पुरेसा ठरत नाही. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलेल्या एका प्रकरणात 4 नोव्हेंबर 2020 रोजी न्यायालयाने स्पष्ट केले की, पत्नीला उत्पन्न आहे एवढ्याच कारणाने पोटगी नाकारता येत नाही. पोटगीच्या दाव्यात दोघांनीही आपली मालमत्ता, उत्पन्न व देणी प्रतिज्ञापत्रावर उघड करावीत, असाही दंडक त्या निकालाने घालून दिला.

व्यापारी कुटुंबात आणखी एक सावधगिरी हवी. पेढीत नावापुरती भागीदार झालेली सूनही पेढीच्या देण्यांना जबाबदार असते. कोऱ्या धनादेशावर केलेली सही तिलाच न्यायालयात उभे करू शकते. न वाचता कोणत्याही कागदावर सही करू नये. पगाराचे खाते स्वतःच्या नावे ठेवावे, त्याचा पासवर्ड स्वतःपाशी ठेवावा. पगारपत्रके, बँकेचे उतारे, दागिन्यांच्या पावत्या व संदेश जपून ठेवावेत.

वकिलाचा खर्च हा अडसर ठरू नये. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीला उत्पन्नाची मर्यादा न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यासाठी ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. तातडीच्या मदतीसाठी 181 ही महिला हेल्पलाइन आहे.

तथापि न्यायालय ही शेवटची पायरी. त्याआधी घरातील वडीलधाऱ्यांनी दोघांना समोरासमोर बसवून हिशेब मांडावा: घरखर्चात कोणाचा किती वाटा, बचत कोणाच्या नावे, दागिने कोणाच्या ताब्यात. ‘घरात सगळे एकच’ म्हणणाऱ्यांनी हेही पाहावे की, त्या एकत्वात सुनेला ‘नाही’ म्हणण्याची मुभा आहे काय. ती नसेल, तर तिने दिलेले ते दान नव्हे. आणि घेणाऱ्याचे व्रत तेथेच भंगते.