वळवाचा पाऊस : ट्रॅक्टर, पिकअप झाडाखाली नको


उन्हामुळे आपण गाडी झाडाच्या सावलीला लावतो. पण वळीव बहुधा दुपारनंतर येतो. आधी वारं सुटतं, मग पाऊस. त्या वाऱ्यातच फांद्या मोडतात. पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर दुरुस्तीत अडकला, तर हंगाम हुकतो.

१) गुलमोहर, शेवगा, निलगिरी यांच्या फांद्या लवकर मोडतात. वाळकी फांदी, खोडात ढोली, बुंध्याजवळ उचललेली माती दिसली, तर ते झाड धोक्याचं समजा.

२) झाडाच्या उंचीपेक्षा जास्त लांब गाडी लावा. झाड ३० फूट असेल, तर ४० फूट दूर. विजेच्या तारांखाली, पडक्या भिंतीलगत, सैल पत्र्याजवळही नको.

३) हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. ताडपत्री चारी बाजूंनी दोरीने आवळा.

४) वाळक्या फांद्या आताच उतरवून घ्या. तारेजवळची फांदी स्वतः तोडू नका; महावितरणला १९१२ वर कळवा.

५) वारं सुटल्यावर गाडी हलवायला धावू नका. विजा चमकत असतील तर झाडाखाली थांबू नका. विजेच्या इशाऱ्यासाठी मोबाईलमध्ये ‘दामिनी’ ॲप ठेवा.

६) विम्याचा कागद आजच बघा. फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर झाड पडून झालेल्या आपल्या गाडीच्या नुकसानीचे पैसे मिळत नाहीत. त्यासाठी कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी लागते. नुकसान झालंच, तर फांदी उचलण्याआधी फोटो काढा आणि विमा कंपनीला लगेच कळवा. फांदीत तार अडकली असेल, तर हात लावू नका.

गाडी भरून निघते, माणूस नाही. आधी जीव सांभाळा.