जोडलेला हत्ती आणि जपलेली वास्तु

इतिहास पाहावयाचा म्हणजे दूरच्या किल्ल्यावरच गेलें पाहिजे असें नाहीं. माहुलच्या रहिवाशांनीं चेंबुरास गाडी धरावी, कुर्ल्यास ती बदलावी आणि भायखळ्यास उतरावें. तेथें राणीच्या बागेंत डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालय आहे.

ही वास्तु नगरजनांच्या उत्साहांतून उभी राहिली. नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी प्रभृतींनीं तिच्यासाठीं वर्गण्या मिळविल्या. १८६२ सालीं पायाचा दगड बसला. पुढें पैसा आटल्यामुळें सरकारनें काम पुरें केलें व १८७२ सालीं दारें उघडलीं. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर आणि प्राचीन शिलालेखांचे जाणकार अशा भाऊ दाजींचें नांव मात्र तिला १९७५ सालीं मिळालें. तोंवर तेथें विलायतेच्या राणीचें व तिच्या पतीचें नांव होतें.

काळाच्या ओघांत वास्तूस अवकळा आली. तेव्हां महानगरपालिका, इंटॅक व जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनीं २००३ पासून जीर्णोद्धार केला. युनेस्कोनें २००५ सालीं त्या कामास आपल्या आशिया-प्रशांत पारितोषिकांतील सर्वोच्च मान दिला आणि २००८ सालीं संग्रहालय पुन्हा खुलें झालें. आंत शिरतांच बिडाचे खांब व सोनेरी नक्षी डोळे दिपवितात. परंतु मुलांना थांबवावें तें मातीच्या बाहुल्यांपाशीं. जुन्या मुंबईंतील नाना जातिधंद्यांचीं माणसें तेथें भेटतात.

बाहेर एक पाषाणाचा हत्ती आहे. यावरूनच पोर्तुगीजांनीं घारापुरीस एलिफंटा म्हटलें. १८६४ सालीं त्यास विलायतेस नेण्याच्या प्रयत्नांत तो पडून भंगला. १९१४ सालीं त्याचे तुकडे पुनः सांधण्यांत आले. तुकडे कोणीतरी सांभाळून ठेविले होते, म्हणूनच हें साधलें, नाहीं काय?

येथें माहुलकरांनीं आपल्याकडे वळून पाहावें. १९५४-५५ सालीं तेलशुद्धीचे कारखाने आले आणि कोळीवाड्याचा शेजार पार पालटला. मुंबईच्या आठवणींस भव्य घर मिळालें. माहुलच्या आठवणींस कोठलें? वाड्यांतील वृद्धांना खाडीचीं, होड्यांचीं, जाळ्यांचीं नांवें अद्यापि मुखोद्गत असतील. तीं एका वहींत उतरून घेण्यास वर्गणी लागत नाहीं, कीं सरकारची मंजुरीही नको. भंगलेला हत्ती पन्नास वर्षांनींही जोडतां आला. विसरलेला शब्द मात्र जोडतां येत नाहीं.