काडेपेटीवरचं चित्र चालू लागतं तेव्हा

लातूर किंवा नांदेडच्या कुठल्याही क्लासमध्ये मागच्या बाकांवरच्या वह्या चाळा. एखाद्या वहीच्या कोपऱ्यात, पानापानावर काढलेला एक काडीमाणूस नक्की सापडेल. दर पानावर त्याचा हात किंचित वर गेलेला. अंगठ्यानं पानं फरफर सोडली की तो चक्क हात हलवतो!

पण हात हलला कुठे? या पानावर तो स्थिर आहे, पुढच्या पानावरही स्थिरच. कागदावर हालचाल नाहीच. दोन चित्रांच्या मधली रिकामी जागा तुमच्या मेंदूनं तुम्हाला न विचारता भरून टाकली. म्हणजे जे कुणी काढलंच नाही, ते आपण पाहिलं!

मुंबईच्या गीतांजली राव यांनी आपलं आयुष्य या रिकाम्या जागेला दिलं. १९९४ साली त्या मुंबईच्या जे. जे. कला संस्थेतून उपयोजित कला शिकून बाहेर पडल्या. भारतीय अ‍ॅनिमेशनचे अध्वर्यू राम मोहन यांच्या स्टुडिओत त्यांनी काम केलं. दुसरीकडे रंगकर्मी पंडित सत्यदेव दुबे यांच्याबरोबर नाटकंही केली. चित्रकाराला नाटक कशाला? पडद्यावरची म्हातारी खुर्चीतून उठते, तेव्हा आधी तिचे हात दांड्यावर टेकतात, मग पाठ वाकते, मग गुडघे सरळ होऊ लागतात. हे शरीराला ठाऊक नसेल तर पेन्सिलीत येणार कुठून? कागदावरच्या पात्राचा अभिनय अ‍ॅनिमेटरच करत असतो. सिनेमाच्या एका सेकंदात २४ चौकटी असतात. एक चित्र दोन चौकटींना पुरवलं तरी सेकंदाला १२ चित्रं लागतात. म्हणजे म्हातारीच्या त्या एका उठण्यावर सहज तीस-चाळीस चित्रं खर्ची पडतात.

आता हाच हिशोब पंधरा मिनिटांना लावा. १५ गुणिले ६० गुणिले १२. दहा हजार आठशे! गीतांजली राव यांचा ‘प्रिंटेड रेनबो’ हा लघुपट साधारण एवढ्याच लांबीचा आहे आणि तो त्यांनी एकटीनं रंगवला. मुंबईच्या फ्लॅटमध्ये एक एकटी म्हातारी आणि तिची मांजर राहतात. शहर करडं, घर करडं. तिच्याकडे आहे तो काडेपेट्यांचा संग्रह. एकेका काडेपेटीवरच्या छापील चित्रात ती शिरते आणि पडदा रंगांनी उसळतो. काडेपेटीवरचं चित्र असतं केवढं? दोन बोटांत मावेल एवढं. आपण काडी ओढतो आणि पेटी फेकून देतो. त्या चित्रात अख्खा प्रदेश पाहणारी नजर कुणाची असेल? २००६ साली कान चित्रपट महोत्सवातल्या समीक्षक सप्ताहात या लघुपटाला तीन पुरस्कार मिळाले.

इथे मला राहवत नाही. त्याच्या ९१ वर्षं आधी, १९१५ साली, दादासाहेब फाळके यांनी एक छोटी फिल्म केली होती: ‘आगकाड्यांची मौज’. काड्या किंचित सरकवायच्या, एक चौकट टिपायची. पुन्हा सरकवायच्या, पुन्हा टिपायची. भारतातल्या अ‍ॅनिमेशनची सुरुवात सांगताना तिचं नाव घेतलं जातं. फाळक्यांच्या हाताला काड्या लागल्या, गीतांजलीबाईंच्या हाताला पेटी. हा निव्वळ योगायोग असेल, पण काय योगायोग!

पुढचं स्वप्न पूर्ण लांबीच्या चित्रपटाचं होतं. दीड तास धरला तर त्याच हिशोबानं जवळपास ६५ हजार चित्रं होतात. हे एकट्या हाताचं काम नव्हे. मुंबईतल्या पेपरबोट स्टुडिओत सुमारे साठ कलाकार दीड वर्ष चौकटीमागून चौकट रंगवत बसले. रंगवायला संगणक होता, पण हालचाल हातानंच काढायची होती. इतक्या हातांमधून एकाच कुंचल्याची भाषा उमटवणं मला त्या ६५ हजारांहूनही अवघड वाटतं. हा चित्रपट, ‘बॉम्बे रोझ’, २०१९ साली व्हेनिस चित्रपट महोत्सवातल्या समीक्षक सप्ताहाचा उद्घाटनाचा चित्रपट ठरला. आदल्याच वर्षी ‘ऑक्टोबर’ या हिंदी चित्रपटात, बेशुद्ध मुलीच्या उशाशी बसलेल्या आईच्या भूमिकेत प्रेक्षकांनी याच बाईंना पाहिलं होतं. ती अभिनेत्री आणि ही दिग्दर्शिका एकच आहेत, हे अनेकांना ठाऊकही नसेल.

‘बॉम्बे रोझ’ ही फुलं विकणारी कमला आणि काश्मीरहून आलेला सलीम यांची गोष्ट. पण तिच्यातली एक जागा मी पुन्हा पुन्हा पाहते. वयस्कर डिसूझाबाई आजच्या गल्लीतून चालल्या आहेत. त्या पुढे सरकतात तसे भोवतालचे रंग उतरत जातात आणि जुनी, कृष्णधवल मुंबई उगवते. खऱ्या माणसांच्या सिनेमात यासाठी दृश्य तोडावं लागेल, सेट उभारावा लागेल. इथे पुढच्या चित्रात थोडा रंग कमी करायचा, त्याच्या पुढच्यात आणखी थोडा. बाई एकदाही थांबत नाहीत आणि काळ मात्र बदलून जातो!

२०२१ पासून हा चित्रपट नेटफ्लिक्सवर आहे. पाहायला बसलात तर त्या गल्लीपाशी थांबा, मागे घ्या, थोडं थोडं पुढे सरकवत पाहा. आजची मुंबई नेमकी कुठल्या चित्रात संपते, तेवढं शोधायचा प्रयत्न करा.