किडनीचा रिपोर्ट, हृदयाचा इशारा

किनवटहून नांदेडला, विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवायला जायचं तर शंभर किलोमीटरहून जास्त प्रवास. म्हणून पिशवीतला तपासणीचा प्रत्येक कागद मोलाचा. किडनीचा जुनाट आजार असलेले कितीतरी रुग्ण डायलिसिसची वेळ येण्याआधीच हृदयविकाराने दगावतात. म्हणून किडनीच्या रुग्णांनी हे आकडे ओळखून ठेवावेत.

● ईजीएफआर : किडनी रक्त किती गाळते, याचा अंदाज. रक्तातल्या क्रिएटिनिनवरून काढतात. तीन महिन्यांहून अधिक काळ ६०च्या खाली राहिला, तर आजार जुनाट समजतात. आकडा घसरतो तसा हृदयाचा धोका वाढतो.

● हिमोग्लोबिन : रक्त वाढवणारं संप्रेरक किडनीतच तयार होतं. ते घटलं की रक्त कमी पडतं, हृदयावर ताण येतो आणि त्याचा डावा कप्पा जाड होतो.

● फॉस्फरस : साधारण २.५ ते ४.५ हवा. वाढला की रक्तवाहिन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचून त्या कडक होतात.

● पोटॅशियम : ३.५ ते ५ ठीक. ६च्या पुढे ठोके अचानक बिघडू शकतात.

● ट्रोपोनिन : हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन. किडनीच्या रुग्णांत हृदयाचा झटका नसतानाही वाढलेलं असू शकतं. त्यामुळे काही तासांनी पुन्हा तपासून आकडा हलला का, ते पाहतात.

लक्षात ठेवा : जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून जपा, डॉक्टरांना आधीचा आकडा आजच्या आकड्याइतकाच लागतो. छातीत दुखलं किंवा दम लागला, तर रिपोर्टची वाट पाहू नका. लगेच १०८ला फोन करा.