परराज्यात वाहन नेताना

महाराष्ट्रात नोंदविलेली मोटारसायकल घेऊन एखादा तरुण नोकरीनिमित्त वडोदऱ्याच्या नागरवाड्यात राहावयास गेला, तर त्याने काय करावे?

वाहन चालविण्याचा परवाना देशभर ग्राह्य असतो. नोंदणीची गोष्ट मात्र निराळी. वाहन परराज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास, मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४७ अन्वये तेथील नोंदणी क्रमांक घेणे बंधनकारक आहे. २०२१ पासूनच्या ‘बीएच’ मालिकेतील वाहनांस ही अट नाही. इतरांनी मूळ परिवहन कार्यालयाकडून नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र आधी घ्यावे. नव्या राज्यात कर भरल्यावर मूळ राज्याकडे परताव्यासाठी अर्ज करता येतो. म्हणून पावत्या जपाव्यात.

सणासुदीस चार दिवस जाणाऱ्यास नवी नोंदणी लागत नाही. नोंदणी, विमा व प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र मात्र जवळ बाळगावे.