जीर्णोद्धार कीं कायापालट?

वर्षानुवर्षें अडगळींत गंजत पडलेली मोटारसायकल हातीं घेणारे लोक दोन प्रकारचे. एक तिला होती तशी उभी करितात. दुसरे तिच्यांतून निराळेंच वाहन घडवितात. इंग्लंडांतील ‘कॅफे रेसर’ हा या दुसऱ्यांचा पंथ असून लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावर १९३८ सालीं निघालेलें एस कॅफे हें उपाहारगृह म्हणजे त्यांचें जणूं तीर्थक्षेत्रच. (तें १९६९ मध्यें बंद पडलें व २००१ मध्यें पुन्हां उघडलें.) युद्धोत्तर काळांत तेथें जमणाऱ्या तरुणांस तासाला शंभर मैलांचा वेग गांठण्याचा ध्यास लागला. नॉर्टनचा ‘फेदरबेड’ सांगाडा वळणावर स्थिर, ट्रायम्फचें दोन सिलिंडरांचें एंजिन जोरकस. दोहोंचा समास ‘ट्रायटन’! वैयाकरणांनीं क्षमा करावी.

रीत अशी. बसलेल्या एंजिनांत तेल मुरवून दट्ट्या हलकेच मोकळा करावयाचा. धसमुसळेपणा येथें नडतो. मग हँडल खालीं, पाय ठेवण्याचे दांडे मागें, बैठक एकाचीच. स्वार टाकीवर ओणवतो तो ऐटीसाठीं नव्हे; वेग दुप्पट झाला कीं वाऱ्याचा विरोध चौपट होतो. वेगाबरोबर ब्रेकही सुधारावयास हवेत, हें मात्र पुष्कळांच्या ध्यानांत राहत नाहीं.

आम्हांस खटकतें तें सांगाड्यावर करवत चालविणें. हँडल, दांडे, टाकी हीं पुन्हां बदलतां येतात. परंतु बैठक आंखूड करण्यासाठीं मागील नळ्या एकदां कापल्या कीं मूळ गाडी गेलीच. तेव्हां सांगाड्यावरचे व एंजिनावरचे क्रमांक कारखान्याच्या नोंदींशीं आधीं ताडून पाहावे, आणि ते जुळले तर करवत पेटींतच राहूं द्यावी.