छाती उघडी ठेवली, म्हणजे ऑपरेशन अर्धवट राहिलं?

“ऑपरेशन नीट झालं, पण छाती अजून बंद केलेली नाही.” आयसीयूबाहेर ताटकळलेल्या आईबापांनी एवढं ऐकलं, की पुढचं काही त्यांच्या कानात शिरत नाही. डॉक्टरांनी हात टेकले, असंच बहुतेकांना वाटतं. खरं तर हृदयातली दुरुस्ती पुरी झालेली असते. छातीचं हाड जोडणं तेवढं राहिलेलं असतं, आणि तेही मुद्दाम.

कारण सूज. हार्ट-लंग मशीनमधून रक्त फिरलं की शरीरभर दाह उसळतो, केशवाहिन्यांतून पाणी झिरपतं, हृदय आणि फुप्फुसं फुगतात. महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांची अदलाबदल घेऊनच जन्मलेल्या बाळावर पहिल्या काही आठवड्यांतच शस्त्रक्रिया करतात. तेव्हा त्याचं हृदय जेमतेम त्याच्या मुठीएवढं असतं. फुगलेलं हृदय तेवढ्याशा पिंजऱ्यात कोंबलं, तर त्याला रक्ताने भरायलाच जागा उरत नाही आणि रक्तदाब कोसळतो. हाड मिटल्याने हृदय दाबलं जातं, हे १९७५ सालीच वैद्यकीय नियतकालिकात नोंदलं गेलं आहे. मोठ्या माणसांतही, विशेषतः रक्तस्राव आटोक्यात येत नसेल तेव्हा, हाच मार्ग घ्यावा लागतो.

‘उघडी’ हा शब्दच घाबरवतो. जखम वाऱ्यावर सोडलेली नसते. तिच्यावर निर्जंतुक पातळ पडदा लावतात, किंवा हाड मोकळं ठेवून नुसती कातडी शिवतात. पडद्याखाली धडधड दिसू शकते, म्हणून बाळाला पहिल्यांदा बघायला आईने एकटीने जाऊ नये. बाळ निपचित असतं ते झोपेच्या आणि वेदनाशामक औषधांमुळे. अनेकदा स्नायू शिथिल करणारं औषधही चालू असतं. तो कोमा नव्हे.

जंतुसंसर्गाची भीती मात्र खरी आहे. छाती जितके दिवस उघडी, तितका धोका जास्त. म्हणूनच अँटिबायोटिक्स देतात, आणि भेटीआधी हात धुण्याबद्दल नर्स इतक्या कडक असतात. त्यांचा राग मानू नका.

बहुतेकदा एक ते पाच दिवसांत छाती बंद होते, पुष्कळदा आयसीयूतल्या खाटेवरच. मिटताना रक्तदाब घसरला, तर पुन्हा मोकळी करून एकदोन दिवस थांबतात. तोवर शरीरातलं जादा पाणी लघवीवाटे काढणं चालू असतं. म्हणून रोज डॉक्टरांना विचारा, “आज लघवी किती झाली?” सूज उतरतेय की नाही, ते त्या आकड्यावरून बरंचसं कळतं.